भोक कुठं पाडायचं?

(दृश्य: बर्फातलं जंगल, सकाळ. झाडाझाडांमधून गेलेल्या निळ्या नळ्या.)

मार्चचा पहिला आठवडा. अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य. गुडघाभर बर्फ, झाडांवर पान नाही. लांबून वाटेल, कुणी जंगलभर कपडे वाळत घालायच्या दोऱ्या बांधल्यात. या नळ्या आहेत. शुगर मेपल या झाडाचा रस त्यांतून डोंगर उतरतोय.

रात्री शून्याखाली थंडी, दिवसा ऊब, असं लागोपाठ झालं की खोडात रसाचा दाब वाढतो आणि भोक मिळेल तिथून तो वाहतो. साखर साधारण 2 टक्के. जिभेला जवळजवळ पाणीच! 40 लिटर आटवावा, तेव्हा लिटरभर सिरप, म्हणजे गोड पाक.

आपल्याकडे नीरेसाठी माडाच्या शेंड्यापर्यंत चढावंच लागतं, उंची झाडच ठरवतं. इथं ती माणसानं ठरवायची. बादल्या टांगत होते तोवर सोपं होतं, भोक कमरेच्या उंचीला. 1950च्या दशकात प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या आणि हिशेब बदलला. नळीला सतत उतार हवा. मध्ये झोळ पडला की रस तिथंच साचतो, रात्री गोठतो.

(दृश्य: ड्रिल, अगदी जवळून.)

पातं 8 मिलिमीटरचं. भोक जेमतेम 4-5 सेंटिमीटर खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं. आता भुसा बघा. तो तळहातावर घेतात. सायीसारखा पांढरट निघाला, तर लाकूड जिवंत. तपकिरी निघाला, तर जागा चुकली, इथं जुनी जखम आहे.

भोक दोन-तीन वर्षांत बुजतं. आत मात्र झाडानं ती जखम कायमची कोंडलेली असते. डागाळलेल्या लाकडाचा उभा पट्टा, वर-खाली लांब गेलेला, रुंदीला अरुंद. त्यातून पुन्हा थेंब येत नाही. दरवर्षी छातीच्याच उंचीला भोक पाडणारा हळूहळू आपलीच जागा संपवत असतो.

यावर तोड म्हणजे भोकात ठोकलेल्या तोटीपासून झाडाझाडांमधल्या आडव्या नळीपर्यंत लोंबणारा नळीचा तुकडा. यात काटकसर करू नये. तो पाऊण-एक मीटर ठेवला, तर खोडाच्या मागंही जाता येतं, वरही. नळीतली हवा ओढून घेणारा पंप असेल तर आडव्या नळीच्या खालीसुद्धा, कारण ओढ असली की रस वर चढतो. नुसत्या उतारावर भागवणाऱ्याला ती चैन नाही.

अर्थात, उतारही ओढ देतो. व्हरमाँटमधल्याच अंडरहिल गावच्या प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्रात बारीक नळी वापरून बघितली, आतून 5 मिलिमीटरहूनही कमी. एवढ्या जागेत रस आणि बुडबुडे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. पुढचा रस उतरताना मागच्याला खेचतो. नळी उंचीनं 10 मीटर खाली उतरली, की पंपाच्या तोडीची ओढ.

(आवाज: बारीक सूऽऽ.)

ही खारीची करामत. नळी कुरतडली, हवा शिरली. रोज कुणीतरी कान देत रानभर फिरतं.

(दृश्य: एप्रिल. ओली जमीन.)

कळ्या फुगल्या, की रसाची चव बिघडते आणि तोट्या काढायच्या असतात. पण ही तोटी बघा. मार्चमध्ये साचलेल्या बर्फावर उभं राहून छातीच्या उंचीला ठोकली होती. बर्फ वितळला, माणूस खाली आला, तोटी तिथंच राहिली.

शिडी आणायला गेलेत.