पूर्वपक्षाचा तास

[दृश्य: शाळेचं पटांगण. मुलांच्या रांगा, प्रार्थना चालू आहे.]

नाशिकमधली एक शाळा. परिपाठ सुरू आहे. सगळ्यांचे हात जोडलेले, एका शिक्षकांचे मात्र नाहीत. ते रांगेत नीट उभे आहेत. प्रार्थनेला हात जोडणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. शाळेच्या लेखी ही बेशिस्त होती. वरची वेतनश्रेणी अडली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०१३ साली निकाल शिक्षकांच्या बाजूने लागला. हात जोडायची सक्ती करता येणार नाही.

शाळा आणि धर्म यांच्यातली सीमा राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मध्ये आखलेली आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत ते दिलं जात असेल, तर संमतीशिवाय कुणालाही त्यात बसवायचं नाही. मूल अल्पवयीन असेल तर संमती पालकांची. उपासनेलाही हाच नियम. (विश्वस्तनिधीतून उभ्या राहिलेल्या काही संस्थांना अपवाद आहे, तो इथे बाजूला ठेवू.)

म्हणजे धर्म हा विषयच वर्गाबाहेर ठेवायचा? बरेच शिक्षक तसंच समजून चालतात. उगाच कुणाच्या भावना दुखावल्या, पालक दारात आले, तर निस्तरणार कोण? भीती खोटी नाही. पण घटना तसं सांगत नाही.

[दृश्य: संविधान सभेची जुनी छायाचित्रं.]

७ डिसेंबर १९४८. संविधान सभेत याच तरतुदीवर चर्चा चालली आहे. पंडित लक्ष्मीकांत मैत्र विचारतात, कलकत्त्याचं संस्कृत महाविद्यालय सरकारी खर्चाने चालतं, तिथे वेद, स्मृती, गीता शिकवली जाते, त्याचं काय करायचं? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं उत्तर छोटं आहे आणि आजही पुरतं. धार्मिक शिक्षण म्हणजे अमुक गोष्टींवर विश्वास ठेवा असं शिकवणं. अभ्यास आणि संशोधन ही वेगळी बाब. बंदी पहिल्यावर आहे.

ही रेघ पुढे पुन्हा पुन्हा गिरवली गेली. १९५९ मध्ये धार्मिक आणि नैतिक शिक्षणावर केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष श्रीप्रकाश तेव्हा आपल्याच मुंबई राज्याचे राज्यपाल होते. मग १९६४ ते ६६ चा कोठारी शिक्षण आयोग. एखाद्या धर्माचं शिक्षण वेगळं आणि धर्मांविषयीचं शिक्षण वेगळं, असं आयोगाने स्पष्ट मांडलं. प्रमुख धर्मांची निवडक माहिती सगळ्यांना मिळावी आणि तिची पाठ्यपुस्तकं राष्ट्रीय पातळीवर जाणकारांनी लिहावीत, असंही सुचवलं. २००२ मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या राष्ट्रीय आराखड्यावरून झालेल्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी शिकवायला हरकत नाही असाच निर्वाळा दिला. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांनी मात्र बजावलं: हे काम फार जपून करावं लागेल, कारण माहिती देता देता शिकवण कधी सुरू होईल ते कळायचंही नाही.

[दृश्य: वर्गाच्या भिंतीवर मूल्यांचा तक्ता.]

महाराष्ट्रात शिकलेल्यांना हा तक्ता पाठ असेल. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा... अशी दहा मूल्यं. त्यात सर्वधर्मसहिष्णुता आहे आणि वैज्ञानिक दृष्टिकोनही आहे. दोन्ही एकाच भिंतीवर, एकाच अक्षरात. पण शेजारच्या बाकावरचा मुलगा रोजा का धरतो, जैन मैत्रीण सूर्यास्तानंतर का जेवत नाही, आणि तिसरीच्या घरी देव्हाराच का नाही, हे सांगायला तास कुठे आहे? सहिष्णुता शिकवली जाते. कुणाविषयी, ते राहून जातं.

देव न मानणारं घर या यादीत आलं म्हणून काहींच्या भुवया उंचावतील. हे पाश्चात्त्य खूळ, असंही कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी १४व्या शतकातलं एक पुस्तक उघडू या: माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’. एकामागून एक दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या परंपरा, मांडणाऱ्या या ग्रंथाची सुरुवात होते देव आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकापासून. मग बौद्ध, मग जैन. ग्रंथकार स्वतः वेदान्ती, तरी वेद नाकारणाऱ्यांना पहिली तीन प्रकरणं. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्याच युक्तिवादासह, खंडन नंतर.

फार हुरळून जायला नको. ही चढती शिडी होती आणि चार्वाक तिच्या तळाशी होता. त्यात चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ आज आपल्यापाशी नाहीत. त्यांचं म्हणणं कळतं ते मुख्यतः विरोधकांच्या लेखनातून. चार्वाक म्हटलं की आपल्याला आठवतो तो कर्ज काढून तूप पिणारा माणूस. प्रत्यक्ष प्रमाणाबद्दल (जे इंद्रियांना कळतं तेच खरं ज्ञान, याबद्दल), यज्ञाबद्दल, परलोकाबद्दल तो काय विचारत होता, ते कुणाला आठवत नाही. ज्याचं मत त्याला स्वतःला मांडू दिलं नाही, त्याचं असं होतं. म्हणूनच वाटतं, मुसलमानांविषयीचा धडा आधी मुसलमान पालकाला आणि नास्तिकाविषयीचा धडा नास्तिकाला वाचायला द्यावा.

[दृश्य: केरळ. शाळेचं प्रवेशाचं टेबल.]

निधर्मी घर धड्यात आणायचा प्रयत्न केरळने २००८ साली केला. सातवीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात ‘धर्म नसलेला जीवन’ असा एक पाठ होता. मुस्लिम वडील आणि हिंदू आई मुलाला शाळेत घालायला आलेत. नाव? जीवन. धर्म? लिहू नका. मोठा झाल्यावर त्याला गरज वाटली तर? मग आवडेल तो निवडू दे. पाठाखाली एक प्रश्न होता: महागाई, पाणीटंचाई, साथीचे रोग, भूकंप यांचा त्रास कोणत्या धर्माच्या लोकांना जास्त होतो?

राज्य पेटलं. चर्च, मुस्लिम संघटना, विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले, पुस्तकं जाळली गेली. मलप्पुरम जिल्ह्यात आंदोलनात झालेल्या मारहाणीनंतर एका मुख्याध्यापकांचा मृत्यू झाला. शेवटी इतिहासकार के. एन. पणिक्कर यांच्या समितीकडे पुस्तक गेलं आणि पाठ बदलला. त्या पाठात मला एक उणीव दिसते. धर्म नसण्याची बाजू त्यात होती. धर्म असणाऱ्याला त्यातून काय मिळतं, ते त्या पानावर नव्हतं. पण पाठातल्या उणिवेवर चर्चा करायची असते.

असा एखादा जीवन आज महाराष्ट्रातल्या शाळेत आला तर? कागदाचा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. आपला कोणताही धर्म नाही असं सांगण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला आहे. राहतो वर्ग. बालभारतीच्या सहावीच्या इतिहासात प्राचीन भारतातल्या धार्मिक प्रवाहांचा पाठ आहे. त्यात जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी यांच्याबरोबर लोकायताचाही, म्हणजे चार्वाकाच्याच परंपरेचा, उल्लेख येतो: वेदांचं प्रामाण्य न मानणारा, स्वतंत्र विचारावर भर देणारा प्रवाह. मोजकी वाक्यं आहेत. परीक्षेला येत नाहीत म्हणून ती वगळायची, की त्यांच्यावर पस्तीस मिनिटं द्यायची, हे त्या दिवशी वर्गावर असलेल्या बाई ठरवतात.