हाड शाबूत, पुढे काय?

नमस्कार मंडळी. तुम्ही सगळे डोंगरात फिरणारे, त्यामुळे पाय मुरगळणं म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मला बोलायचंय ते एक्सरे बघून म्हटल्या जाणाऱ्या वाक्याबद्दल : ‘हाड शाबूत आहे, काही झालेलं नाही.’ या वाक्यात माझी दोन वर्षं गेली.

मी तेव्हा १९ वर्षांची होते. राजगडावरून चोर दरवाजानं गुंजवण्याकडे उतरत होतो. पाऊस सरला होता, वाट सुकून मुरूम सुटा झाला होता. उजवं पाऊल आत वळलं आणि कट्‌ असा आवाज आला. गावात पोचेपर्यंत बाहेरच्या घोट्यापुढे लिंबाएवढी सूज. तिथल्या एका मावशींनी आंबेहळदीचा लेप लावला, हातात काठी दिली. त्यांची माया मी विसरलेले नाही. तिसऱ्या दिवशी काळंनिळं बोटांच्या बेचक्यांपर्यंत उतरलं होतं.

डॉक्टरांनी एक्सरे काढला, क्रेप बँडेज बांधलं आणि पंधरा दिवस पाय टेकवायचा नाही म्हणाले. मी नाही टेकवला. दुखणं गेलं, सूज गेली, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. दोन महिन्यांनी एसटीतून उतरताना तोच पाय. मग घराच्या उंबऱ्यावर. मग कॉलेजच्या सपाट व्हरांड्यात, जिथे खडासुद्धा नव्हता. दर वेळी एक्सरे, दर वेळी तेच वाक्य. मी मान खाली घालून चालायला लागले. गडावर गेले तरी गड दिसेना, फक्त पुढचा दगड दिसायचा.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी एक्सरे बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘डाव्या पायावर उभी राहा, डोळे मीट.’ अर्धा मिनिट उभी राहिले. ‘आता उजवा.’ त्यांनी चार आकडे मोजले आणि मला धरलं. दुखत काहीच नव्हतं, पण आपण कुठे आहोत हे त्या पायाला कळत नव्हतं.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. घोट्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, नुसते दोर नव्हेत. पाऊल किती कललंय, याची बातमी त्यांतून मेंदूकडे जाते. ते ताणले किंवा फाटले की ही बातमी बिघडते आणि बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल सावरायला उशीर करतात. लंडनच्या मायकेल फ्रीमन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली हे मांडलं आणि डुगडुगत्या फळीवर तोल साधायचा व्यायाम सुचवला. इतकी वर्षं झाली, तरी आज माझ्याकडे उपचारांसाठी येणारी मुलं तिसऱ्या-चौथ्यांदा मुरगळल्यावर येतात. याचं मला फार वाईट वाटतं.

बरं, उतारावरच का मुरगळतं? घोट्याच्या खोबणीत बसणारं हाड पुढून रुंद, मागून अरुंद असतं. बोटं खाली गेली की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. म्हणून उतरताना पूर्ण पाऊल टेका, हे जुने लोक सांगतात ते खरंच आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. उपचारांचं भरभर सांगते.

आधी एक्सरे कधी काढायचा ते. घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर, करंगळीमागच्या हाडाच्या बुडाशी किंवा पावलाच्या आतल्या कमानीवरच्या हाडावर दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर काढायचाच. १९९२ साली कॅनडातल्या ओटावात ठरलेले हे निकष आजही वापरतात.

पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नको, रगडून मालिश तर नकोच. फडक्यात बर्फ, क्रेप बँडेज, पाय उशीवर. हाड मोडलेलं नसेल तर सोसवेल तेवढा भार टाकत चालायचं, लागली तर काठी घ्यायची.

मग पायाच्या अंगठ्यानं हवेत अ-आ-इ-ई काढा, अक्षरं मोठी हवीत. भिंतीसमोर उभं राहून टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. रबरी पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकला. टाचा उचला, आधी दोन्ही, मग एक. दुखणं थांबलं म्हणून सोडू नका, कारण तोलाचं काम तिथून पुढे असतं. रोज दात घासताना एका पायावर उभे राहा, बेसिनला एक हात असू द्या. जमलं की डोळे मिटा, पुढे उशीवर, मग उड्या. दीड-दोन महिने तरी द्या. अवघड मुरगळीला याहून जास्त लागतात. दुखऱ्या पायावर दुसऱ्याइतकीच उडी जमली की डोंगर.

वेळ संपली, पण अर्धा मिनिट द्या. सगळे उठा. समोरच्या खुर्चीची पाठ धरा. ज्यांचा पाय आज सुजलेला आहे त्यांनी बसून राहा. उजवा पाय उचला, डोळे मिटा. मी मोजते. एक, दोन, तीन... काकू, खुर्ची सोडू नका... अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आता दुसरा पाय.