मान, अब्रू आणि दिलेला शब्द

मंडळी, आधी व्याकरणातली एक गंमत. ‘माझा मान’ म्हटलं की सन्मान आणि ‘माझी मान’ म्हटलं की डोकं पेलणारा अवयव. दोघांची कुळंही निराळी. मानेचं मूळ संस्कृत ‘मन्या’त, तर मान आला ‘मन्’ धातूतून, म्हणजे विचार करणे, मानणे. तरी बोलताना आपण दोघांची सोयरीक लावतोच: मान मिळाला की मान ताठ, गेला की खाली.

मान, प्रतिष्ठा, इज्जत, अब्रू हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. मला ते पटत नाही. अर्थ नेमका हवा असेल तर शब्दाच्या शेजारी कोणतं क्रियापद बसतं ते बघावं.

मान देतात, तो मिळतो. म्हणजे देणारा समोर हवा. प्राचीन रोममध्ये मानाला ‘होनोर’ म्हणत, आणि या शब्दाचा एक अर्थ चक्क सार्वजनिक पद असा होता आणि त्या पदांच्या चढत्या क्रमाला ‘कुर्सुस होनोरुम’ म्हणत. दिलेलं पद काढूनही घेता येतं, मानाचं तसंच. (मानधनातही ‘मान’ आहे, आयोजक बहुधा पहिल्या दोन अक्षरांवरच भागवतात.)

अब्रूचं तसं नाही. फारसीत ‘आब’ म्हणजे पाणी, तेज आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं हे पाणी कुणी कुणाला देत नाही. अब्रू जाते, लुटली जाते, फार तर वाचवता किंवा झाकता येते. जी गोष्ट फक्त हरवूच शकते, तिच्यावर माणूस पहारा बसवतो आणि तो पहारा बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या देहावर असतो. पुरुषाची अब्रू गेली म्हणजे दिवाळं निघालं किंवा लबाडी उघडी पडली. बाईची गेली म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. गुन्हा करणारा भलताच, आणि ‘गेली’ मात्र तिची!

हे नुसतं भाषेत राहत नाही. इटलीच्या दंडसंहितेत 587 वं कलम होतं. जोडीदार, मुलगी किंवा बहीण अनैतिक संबंधात सापडली आणि आपल्या वा घराण्याच्या मानाला धक्का बसल्याच्या संतापात तिचा जीव घेतला, तर शिक्षा 3 ते 7 वर्षं. यादीत मुलगी होती, बहीण होती. मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. हे कलम रद्द झालं 1981 मध्ये. फार जुनी गोष्ट नाही ही.

आता तिसरा शब्द, ‘शब्द’च. तो देतो मी आणि पाळायचाही मीच. इथे लुटणारा कुणी नाही. मोडला तर माझ्याच हातून मोडतो. 1907 च्या हेग करारात युद्धकैद्याला वचनावर सोडण्याची तरतूद आहे. सुटलेला सैनिक ते वचन पाळायला स्वतःच्या इभ्रतीनं बांधलेला, आणि त्याच्या सरकारनंही त्या वचनाविरुद्ध जाणारी सेवा त्याच्याकडून घ्यायची नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. परस्परांवर तोफा डागणारी राष्ट्रं एका सैनिकाच्या तोंडच्या वाक्यावर भरवसा ठेवायला तयार झाली.

या सुटकेचं नाव पॅरोल. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘शब्द’. आज पॅरोल मागणाऱ्या कैद्याला सहसा हमीपत्र लिहून द्यावं लागतं, जामीनदार उभा करावा लागतो. नाव तेवढं जुनंच राहिलं आहे.