कानात सतत शिट्टी वाजते? टिनिटस का होतो आणि त्याच्यासोबत राहायचं कसं

[काळी स्क्रीन. उंच पट्टीतली बारीक शिट्टी, पाच सेकंद. मग चेहरा.]

हा आवाज तुमच्यासाठी पाच सेकंदांत थांबला. माझ्या डाव्या कानात तो सहा वर्षांपूर्वी सुरू झाला, तो आत्ता तुमच्याशी बोलतानाही चालू आहे. तुम्हाला मुद्दाम ऐकवला, कारण टिनिटस असलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं दुखणं हेच की त्याचा आवाज दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नाही. घरात कुणी म्हणत असेल की माझ्या कानात रातकिडे ओरडतात, कुकरची वाफ सुटल्यासारखं होतं, गुंई वाजतं, तर हे पाच सेकंद त्यांच्याशेजारी बसून पुन्हा ऐका. आणि विचारा, तुझा आवाज असाच आहे का?

माझं सुरू झालं ते नात्यातल्या एका लग्नाच्या वरातीत. डीजेच्या गाडीपासून पाच-सहा फुटांवर मी तासभर तरी होते. घरी आले तेव्हा दोन्ही कानांना दडे बसले होते. सकाळी दडे गेले, शिट्टी राहिली. पहिल्या रात्री मी उठून फ्रिज बंद केला. मग इन्व्हर्टर, मग मोबाइलचे चार्जर. दोन वाजता सरळ मेन स्विच खाली ओढला. सगळं घर काळोखात, आणि शिट्टी तेवढीच. तेव्हा पोटात गोळा आला, कारण आवाज घरात नव्हता.

डॉक्टरांनी कान बघितले, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, केली आणि म्हणाले, "ऐकू व्यवस्थित येतंय. यावर औषध नाही. सवय करून घ्या." दोन मिनिटांत मी बाहेर. त्या एका वाक्याचा मला कितीतरी महिने राग होता. आज मला वाटतं ते वाक्य खरं होतं, पण अर्धवट. सवय होते. पण ती कशी होते, आणि त्याआधी काय काय तपासून घ्यायला हवं, हे सांगायला कुणाकडे वेळ नव्हता. म्हणून हा व्हिडिओ.

आधी कानात काय बिघडतं ते बघू.

[हातात कानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल]

हा कानाचा पडदा. त्याच्या मागे तीन इवलीशी हाडं. आणि हा आतला भाग, गोगलगायीच्या शंखासारखा, कॉक्लिया. वाटाण्याएवढा असतो. याच्या आत एका कानात साधारण पंधरा हजार केसपेशी आहेत. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूकडे विजेचा निरोप पाठवतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक, उंच आवाज टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी जाड आवाज. मोठ्या आवाजाने, वयाने, काही औषधांनी सगळ्यात आधी मार बसतो तो बहुधा या तोंडाजवळच्या पेशींना. आणि माणसाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

मग तिथून निरोप कमी यायला लागले की मेंदू काय करतो? आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जुना ट्रान्झिस्टर होता. स्टेशन नीट लागेनासं झालं की ते आवाजाचं बटण पिळायचे. गाणं काही वाढायचं नाही, खरखर मात्र दुप्पट व्हायची. मेंदूचंही असंच होतं, असं आजचे संशोधक मानतात. येत नसलेला आवाज पकडण्यासाठी तो आपलंच बटण वाढवतो आणि स्वतःच्याच यंत्रणेतली खरखर त्याला ऐकू यायला लागते. म्हणून शिट्टी बहुतेकदा त्याच पट्टीत वाजते, ज्या पट्टीतलं ऐकणं कमी झालेलं असतं. पूर्वी काही रुग्णांची ऐकण्याची नसच शस्त्रक्रियेने कापून बघितली गेली. त्यातल्या अनेकांचा आवाज तरीही गेला नाही. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात खाज सुटते, तसाच हा प्रकार.

"रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे तुमच्या मनाचे खेळ," असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा: हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप, आणि साधी ऑडिओमेट्री २५० ते ८००० हर्ट्झ एवढंच मोजते. कान त्याच्या वरचंही ऐकतो. तिथला बिघाड त्या कागदावर येतच नाही.

आणि ही खरखर थोडीफार सगळ्यांच्याच डोक्यात असते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी, ऐकण्याची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी सांगितलं की आम्हाला काहीतरी आवाज येतोय. गुणगुण, शिट्टी, भुंग्यासारखं. मला हे वाचल्यावर किती हलकं वाटलं काय सांगू. माझ्या डोक्यात काही भलतंच घुसलेलं नव्हतं. सगळ्यांच्या घरात असलेली खरखर माझ्याकडे मोठी झाली होती.

नवीनही काही नाही यात. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात आणि 'माधवनिदाना'त त्याचं वर्णन नगारा, मृदंग, शंख यांच्यासारखे आवाज ऐकू येणं असं आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरच्या अभ्यासांच्या आढाव्यात सुमारे १४ टक्के प्रौढांना टिनिटस असल्याचा अंदाज निघाला, आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो तीव्र स्वरूपात. पन्नास माणसांच्या एसटीत एक जण.

आता कारणं. सगळ्यात साधं आणि सगळ्यात आनंदाचं कारण म्हणजे मळ. कानात घट्ट बसलेला मळ डॉक्टरांनी काढला की कित्येकांचा आवाज त्याच खुर्चीत थांबतो. तो घरी काडीने, केसांच्या पिनेने काढायला जाऊ नका, आत ढकलला जातो. आणि कोमट तेल, लसणाची फोडणी वगैरे कानात ओतू नका. पडद्याला भोक असेल तर नसता संसर्ग घरी आणाल.

मधल्या कानाचा संसर्ग, तिथल्या हाडांपैकी एक जखडणं, ही कारणं डॉक्टरांना तपासणीत सापडतात. मेनिएर नावाच्या आजारात चक्कर, कान भरल्यासारखा वाटणं, कमीजास्त होणारं ऐकणं आणि आवाज हे सगळं एकत्र येतं. औषधांमध्ये जेंटामायसिन, अमिकासिन यांच्यासारखी इंजेक्शनं, क्षयरोगासाठी पूर्वी सर्रास दिलं जाणारं स्ट्रेप्टोमायसिन, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, क्विनाइन आणि मोठ्या डोसातलं ॲस्पिरिन. ॲस्पिरिनचा आवाज बहुधा औषध कमी केल्यावर जातो. पण हे ऐकून कुठलंही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, हात जोडून सांगते. डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट आत्ता करून बघा. दात घट्ट दाबा. हनुवटी पुढे काढा. मान एका बाजूला वळवा. आवाज बदलला? तर जबड्याचा किंवा मानेचाही त्यात वाटा असू शकतो. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर दातांच्या डॉक्टरांनाही दाखवा.

आता मोठा आवाज. इथे मला जरा थांबायचंय.

मी इचलकरंजीची. अण्णांनी चौतीस वर्षं माग चालवला. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो. सूत घेऊन जाणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटत असतो, आणि असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याखाली. तिथे कुणी बोलत नाही. सूत तुटलं, कांडी संपली, चहा आला, सगळं हातवाऱ्यांनी. संरक्षण काय, तर कानात कापसाचा बोळा, आणि साध्या कापसाने आवाज जवळपास अडत नाही. हिशोब असा आहे: ८५ डेसिबल आठ तास चालतं. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. अण्णा १२ तासांची पाळी करायचे. मी वरातीत १०० च्या वर तासभर उभी होते. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आपल्या कायद्याची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत लिहिलेली.

रात्री जेवताना अण्णा म्हणायचे, "माग बंद केला तरी डोस्क्यात चालूच हाय बघ." आम्ही हसायचो. ते आजाराविषयी बोलतायत, हे कळायला मला स्वतःला शिट्टी लागावी लागली.

पण त्याच गल्लीत मला सवयीचं उत्तरही सापडलं. आमच्या भिंतीला लागून शेड होती. रात्रपाळीत माग धडधडत असायचे आणि आम्ही भावंडं गाढ झोपलेली असायचो. जाग कधी यायची? वीज गेली की. माग थांबले की. आई उठून बसायची. पाहुणे मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लावू शकायचे नाहीत. कान सारखेच, आवाज तोच. फरक एवढाच की आमच्यासाठी तो आवाज म्हणजे पगार होता, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. ज्याची भीती नाही तो आवाज मेंदू हळूहळू मागच्या खोलीत नेऊन ठेवतो.

१९९० साली पॉवेल जास्ट्रेबॉफ या संशोधकाने टिनिटसच्या त्रासाबद्दल जवळपास हेच मांडलं. आवाज कानामुळे सुरू होतो, पण त्याचा छळ होतो तो मेंदूतल्या भीतीच्या यंत्रणेमुळे. आवाज, धास्ती, मग आवाजावर आणखी लक्ष, मग तो आणखी मोठा. तो मेन स्विच मी ज्या भीतीने ओढला, तीच शिट्टीला खतपाणी घालत होती.

म्हणून पहिलं पाऊल तपासणी, कारण गंभीर काही नाही हे कळल्याशिवाय भीती जात नाही. चार गोष्टींमध्ये मात्र वाट बघू नका. एक, अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ. यात स्टेरॉइड जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, ही इमर्जन्सी आहे. "सर्दीने कान गच्च झालाय" म्हणून आठवडा घालवू नका. दोन, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो. मनगटावर बोट ठेवून जुळवून बघा. रक्तक्षय, थायरॉइड, रक्तवाहिन्यांचे दोष, डोक्यातला वाढलेला दाब, काहीही असू शकतं, शोधावं लागतं. तीन, आवाज सतत एकाच कानात आहे. क्वचित ऐकण्याच्या नसेवर साधी, कर्करोग नसलेली गाठ असते, ती एमआरआयमध्ये दिसते. माझा एकाच कानात होता, माझाही एमआरआय झाला, काही निघालं नाही. आणि चार, सोबत जोराची चक्कर, चेहरा वाकडा होणं किंवा डोक्याला मार.

मग उपचार. टिनिटस बरा करणारी मान्यताप्राप्त गोळी आजतरी नाही. जिन्को, झिंक, मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय. त्याच सूचनांत ज्यांची शिफारस आहे, त्यातल्या या दोन गोष्टी. ऐकणं कमी असेल तर श्रवणयंत्राचा विचार, आणि सीबीटी, म्हणजे आवाजाबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी मानसोपचार पद्धत. यात आवाज किती मोठा आहे, ते फारसं बदलत नाही. त्याचा जाच कमी होतो. मी सीबीटी केली. मला तिथे लिहायला सांगितलं, की शिट्टी वाजते तेव्हा मनात कुठलं वाक्य येतं. माझं वाक्य होतं, "आता मला कधीच शांतता मिळणार नाही." त्या एका वाक्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या.

आणि शांतता शोधू नका. हे उलटं वाटेल, पण चिडीचूप खोली टिनिटसची सगळ्यात आवडती जागा. मी रात्री पंखा एकवर ठेवते, थंडीतही, भिंतीकडे तोंड करून. कुणी पावसाचा आवाज लावतं. फक्त तो शिट्टीला बुडवेल इतका मोठा नको. शिट्टी जेमतेम ऐकू येत राहावी आणि त्यात मिसळावी, एवढाच. बुडवली तर मेंदूला सवय व्हायला काही उरतच नाही. कानात इअरबड घालून झोपू नका. गोंगाटात जाताना फोमचे इअरप्लग जवळ ठेवा, पण दिवसभर घालून बसू नका, शांतता वाढली की मेंदू बटण आणखी पिळतो. चहा सोडल्याने फरक पडतो असं दिसलेलं नाही, तेव्हा चहा प्या.

झोप पूर्ण उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे लपवू नका. १४४१६, टेलिमानस, सरकारी हेल्पलाइन, फुकट, मराठीत बोलता येतं. आत्ता फोन करा, व्हिडिओ नंतर बघा.

मला साधारण दीड वर्ष लागलं. आजही थकल्यावर, सर्दीत, परीक्षेचे पेपर तपासताना जागरण झालं की शिट्टी वर येते. मग चार दिवसांनी मागे जाते.

अण्णा रात्री तो ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधोमध लावून उशाशी ठेवायचे. नुसती खरखर, अगदी बारीक. आई चिडायची, "काहीच लागत नाही तर बंद करा की." ते म्हणायचे, "असू दे गं, बरं वाटतंय." कुणीही न सांगता त्यांनी आपला उपचार शोधून काढला होता. गेल्या दिवाळीत त्यांना मी ऑडिओमेट्रीला घेऊन गेले, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा. आलेख उंच पट्टीत कड्यासारखा कोसळलेला. दोन्ही कानांना यंत्रं बसवली. घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बांगड्यांचा आवाज ऐकत होते. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी विचारलं, "अण्णा, माग?"

म्हणाले, "हाय. पर जरा लांब गेलाय."