ओले आणि कोरडे : स्क्रीन प्रिंटिंगच्या साहित्याची निगा

मित्रहो, स्क्रीन प्रिंटिंगच्या साहित्याची निगा म्हटली की दिवसाच्या शेवटी करायची साफसफाई एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. इतकी वर्षे हे काम केल्यानंतर माझे निरीक्षण असे आहे, की आपल्या साहित्याचे बहुतेक नुकसान एकाच कारणाने होते: जे ओले राहायला हवे ते वाळते, किंवा जे पुरते वाळायला हवे ते आपण ओले असतानाच वापरायला घेतो. आज मी त्याच दोरीला धरून बोलणार आहे.

सुरुवात जाळीपासून करू: चौकटीवर ताणलेली ही जाळी म्हणजेच स्क्रीन, आणि तिच्या मोकळ्या छिद्रांतून शाई खाली उतरते. एके काळी ही जाळी रेशमाची असे, म्हणूनच सिल्कस्क्रीन हे नाव अजून टिकून आहे. आज आपण बहुतेक सगळे पॉलिस्टरची जाळी वापरतो, जी पाण्याने जवळपास फुगत नाही आणि ताण चांगला धरून ठेवते. नवी जाळी स्वच्छ दिसते, पण तिच्यावर हाताळणीचा तेलकटपणा असतो, आणि इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, लावण्याआधी तो काढलाच पाहिजे. डिग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रावण) लावून, मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी घासून जाळी धुवावी आणि मग ती उजेडाकडे तिरपी धरून पाहावी. पाणी सगळीकडे सारखे पसरलेले दिसले तर काम झाले. कुठे थेंब गोळा होऊन बाजूला सरकत असतील, तर तिथे तेल उरले आहे, आणि उद्या नेमक्या त्याच जागी पिनहोल, म्हणजे लेपात टाचणीएवढे छिद्र, पडणार आहे. जाळी विकत घेताना धाग्यांचा आकडा सेंटिमीटरचा आहे की इंचाचा, हेही विचारून घ्या: सेंटिमीटरला ४३ धागे म्हणजेच इंचाला सुमारे ११०, आणि सेंटिमीटरला १२० म्हणजे इंचाला सुमारे ३०५.

आता इमल्शन. इथे घाई सर्वांत महाग पडते. कोटिंग केलेली स्क्रीन हाताला कोरडी लागली की ती वाळली, असे आपण धरून चालतो. पण बोटाला कळतो तो फक्त वरचा थर. आत ओल असेल तर एक्स्पोजरच्या वेळी, म्हणजे चित्राची फिल्म (पॉझिटिव्ह) ठेवून दिव्याचा उजेड दाखवताना, इमल्शन पुरते घट्ट होत नाही, मग धुताना बारीक रेषांच्या कडा सुटतात, जाळीवर बुळबुळीत थर जाणवतो, आणि आपण दिव्याला किंवा पॉझिटिव्हला दोष देत बसतो. कोटिंग केलेली स्क्रीन अंधारात किंवा पिवळ्या सुरक्षित दिव्याखाली, छपाईची बाजू खाली करून आडवी ठेवावी, म्हणजे थर कागदाला लागणाऱ्या बाजूकडे बसतो. खोलीतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली असावी आणि ऊब बेताची, चाळीस अंश सेल्सिअसच्या आत. वारा खेळता ठेवणारा साधा पंखा उपयोगी पडतो, मात्र त्याने धूळ उडता कामा नये. पावसाळी हवेत हेच काम दुप्पट वेळ घेते, तो वेळ त्याला द्यावा. ज्या पत्र्याच्या कोटरने इमल्शन ओढतो, त्याची धार मात्र काम संपताच धुवावी. तिच्यावर वाळलेला एक कण पुढच्या प्रत्येक स्क्रीनवर उभी रेघ ओढत जातो. डायझो प्रकारच्या इमल्शनमध्ये सेन्सिटायझर (उजेडाने घट्ट होण्याचा गुण देणारे रसायन) मिसळला की त्याचे आयुष्य सुरू होते, तेव्हा डब्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी.

छपाई सुरू झाल्यावर परिस्थिती उलटी होते. पाण्यावर आधारित शाई जाळीच्या छिद्रांत वाळू लागते, म्हणून दोन छापांच्या मधल्या थांब्यातसुद्धा शाईचा पातळ थर जाळीवर ओढून ठेवावा, आणि जेवणासाठी उठायचे असेल तर शाई काढून स्क्रीन धुऊनच उठावे. कापडावर छापायच्या प्लास्टिसोल या प्लास्टिकयुक्त शाईचा स्वभाव निराळा: ती हवेत वाळत नाही, तिला साधारण १६० अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यामुळे ती स्क्रीनवर काही काळ राहिली तरी चालते. पण तिच्यावर धूळ आणि कापडाचे तंतू बसतात, म्हणून झाकण हवे. उरलेली शाई आधी पट्टीने खरवडून डब्यात परत घ्यावी, मग स्क्रीन पुसावी, शेवटी धुवावी. ती सरळ मोरीत सोडणे चूक आहे.

स्क्वीजीकडे, म्हणजे शाई जाळीतून दाबत ओढणाऱ्या रबरी पट्टीकडे, आपण सर्वांत कमी पाहतो, म्हणून तिच्याबद्दल थोडे थांबून सांगतो. तिचे पॉलियुरेथेनचे रबर कठीणपणाच्या शोर ए मापावर साधारण ६० ते ९० असते. मऊ रबर जास्त शाई सोडते, कडक रबर बारीक रेषा टिपते. सॉल्व्हंटमध्ये हेच रबर फुगते आणि मऊ पडते. ते थिनरच्या ट्रेमध्ये रात्रभर भिजत ठेवणे म्हणजे आपल्याच हाताने त्याची धार बिघडवणे. काम झाले की पुसून कोरडे करावे, आणि शक्य असेल तर दोन रबरे आलटून पालटून वापरावीत, म्हणजे एकाला पूर्ववत होण्यासाठी दिवसभर मोकळा वेळ मिळतो. धार जमिनीला टेकवून कधीही उभे करू नये. टांगून किंवा धार वर करून ठेवावे. धार खिडकीसमोर डोळ्यांच्या पातळीवर धरली, तर बारीकशी खाच चमकून दिसते, आणि छापावर दरवेळी त्याच जागी येणारी रेघ कुठून आली ते कळते.

शेवटी डीकोटिंग, म्हणजे काम संपल्यावर जाळीवरचे इमल्शन काढणे. माझी सर्वांत मोठी हानी इथेच झाली. एका चांगल्या, ताण नीट असलेल्या स्क्रीनवर मी डीकोटिंगचे द्रावण लावले आणि दुसऱ्या कामासाठी वीस-पंचवीस मिनिटे बाजूला गेलो. परत आलो तेव्हा ते वाळलेले होते आणि इमल्शन जाळीला असे चिकटून बसले होते, की नंतर काहीही केले तरी निघेना. ती जाळी फाडून टाकावी लागली. बहुतेक डीकोटिंगच्या द्रावणांमध्ये सोडियम मेटापेरिआयोडेट असते. ओले असेपर्यंत ते इमल्शनची वीण सोडवते, पण जाळीवर वाळले की इमल्शन कायमचे धरून ठेवते. म्हणून क्रम पाळा: आधी शाई संपूर्ण काढा, कारण शाईखाली द्रावण पोहोचत नाही, मग दोन्ही बाजूंनी द्रावण लावा, ब्रशने पसरवा, थोडा वेळ थांबा आणि ओले असतानाच जोराच्या पाण्याने धुवा. मागे पुसट छाया उरली आणि छिद्रे मोकळी असली तर ती छपाईला सहसा आड येत नाही. ही छाया (घोस्ट) काढणारी जहाल रसायने दर वेळी वापरून जाळी कमकुवत करण्याची गरज नाही.

हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि मोकळी हवा या गोष्टी प्रत्येक धुण्याच्या वेळी हव्यात. डीकोटिंगची पूड ज्वलनास मदत करणारी असते, तेव्हा तिचा डबा थिनर आणि शाईच्या चिंध्यांपासून दूर, वेगळ्या कपाटात ठेवा, आणि सॉल्व्हंटच्या चिंध्या घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकून तो डबा दररोज रिकामा करा.