नर्सिंगच्या चार वर्षांची घरातली तयारी

पालकहो आणि बारावीत शिकणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

माझे अर्धे आयुष्य वॉर्डात गेले आणि उरलेले परिचारिका घडवण्यात. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की इथले, गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडचे पालक मला एकच प्रश्न विचारतात : बी.एस्सी. नर्सिंगची फी किती? प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर मिळाले की हिशेब संपला असे घरात धरून चालतात आणि फसगत होते ती तिथेच. फीचा आकडा निदान छापून तरी मिळतो. बाकीचे मोल पैशांत, वेळात आणि शरीराच्या ताकदीत चार वर्षे थोडे थोडे करून चुकते करावे लागते, आणि त्यातला मोठा वाटा घरच्या माणसांनाही उचलावा लागतो.

प्रवेशाच्या अटी थोडक्यात सांगते. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे, खुल्या प्रवर्गासाठी किमान 45 टक्के गुण हवेत, आणि प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण व्हायला हवीत. अभ्यासक्रम 4 वर्षांचा, म्हणजे 8 सत्रांचा आहे. मात्र हजेरीचा नियम नीट ऐका, कारण माहितीपत्रक वाचताना त्याच्याकडेच सगळ्यांचे दुर्लक्ष होते. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसण्यासाठी प्रत्येक विषयाच्या तासांना आणि प्रात्यक्षिकांना किमान 80 टक्के हजेरी लागते, मग गैरहजेरीचे कारण काहीही असो. आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागातली हजेरी 100 टक्के पूर्ण करावी लागते. तापात 4 दिवस गेले, तर वॉर्डातले ते 4 दिवस पुढे कधीतरी भरून द्यावे लागतात, आणि ते बहुधा सुट्टीतून जातात. आपल्याकडे चतुर्थीला माणूस असेल तिथून घरी येतो. एखाद्या वर्षी पोस्टिंगमुळे, म्हणजे वॉर्डात ठरवून दिलेल्या प्रात्यक्षिकाच्या ड्यूटीमुळे, मुलीला पहिल्या दिवशी येता येणार नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी आधीच समजून घ्यावे, म्हणजे गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायच्या वेळी फोन करून तिला रडवण्याचा प्रसंग येणार नाही.

आता पैशांकडे वळते. माझ्या ओळखीतली सत्तरीतली एक हुशार मुलगी एजंटामार्फत राज्याबाहेरच्या एका खासगी कॉलेजात गेली. पहिल्या वर्षाची फी वडिलांनी भरली. तिथे पोहोचल्यावर कळले की वसतिगृह आणि मेस वेगळी, विद्यापीठाची परीक्षा फी वेगळी, युनिफॉर्म कॉलेज सांगेल त्याच शिंप्याकडून शिवायचा, आणि कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग नसल्यामुळे त्या पोस्टिंगसाठी दुसऱ्या गावी जाऊन राहण्याचा खर्चही स्वतःच करायचा. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ती घरी परतली. तिच्या बुद्धीत काही कमी नव्हते. कमी पडली ती तिच्या वडिलांना वेळेवर मिळायला हवी होती ती माहिती. म्हणून सांगते, एक रुपयाही देण्यापूर्वी कॉलेजला त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे कागद पाहून ठरवा. तिथली पदवी घेऊन परतल्यावर इथे नोंदणी होईल का, हे गोवा नर्सिंग कौन्सिलच्या कार्यालयात जाऊन विचारा, एजंटाला विचारू नका. कॉलेजचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे आणि मुले पोस्टिंगला कुठे कुठे जातात, याचीही चौकशी करा. मूळ दाखले दिलेत तर पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

बांबोळीच्या सरकारी संस्थेत, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमध्ये, प्रवेश मिळाला तर परिस्थिती पुष्कळ सोपी असते, कारण गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे रुग्णालय, आणि मनोविकारांचे रुग्णालय दोन्ही तिथे जवळच आहेत. तरीही किरकोळ वाटणारा खर्च सुटत नाही. युनिफॉर्मचे निदान दोन जोड लागतात, कारण पावसाळ्यात एक वाळत नाही. दिवसभर उभे राहता येईल असे बूट लागतात. त्यात कंजुषी केली तर पायांना त्रास होतो. नाडी मोजण्यासाठी सेकंदकाटा असलेले घड्याळ, स्टेथोस्कोप, प्रत्येक विषयाची रेकॉर्ड बुके, आरोग्यशिक्षणासाठी तक्ते करायला कागद आणि रंग, झेरॉक्स आणि खेड्यापाड्यांतल्या भेटींचा प्रवास हे सगळे जमेस धरा. साखळीची मुलगी रोज ये-जा करणार असेल तर पणजीला बस बदलून सकाळच्या ड्यूटीला वेळेवर पोहोचायला तिला अंधारात घर सोडावे लागेल. वसतिगृहाचे पैसे वाचले म्हणून समाधान मानण्यापूर्वी तिच्या झोपेचे किती तास गेले तेही मोजा.

कर्ज म्हटले की इथला बाप दचकतो, आणि त्याचे कारण मला ठाऊक आहे. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि 2018 मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा दारात उभ्या ट्रकांचे हप्ते आपल्या भागातल्या घरांनी कसे फेडले ते मी जवळून पाहिले आहे. पण शिक्षणाच्या कर्जाची घडण निराळी असते. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जाची योजना आहे; तिच्या त्या वर्षीच्या अटी महामंडळाच्या कार्यालयातूनच समजून घ्या. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपल्यानंतर काही काळाने सुरू होतात. व्याज मात्र शिकत असतानाही चढत राहते, आणि ते दरमहा थोडे थोडे भरता आले तर पुढचा भार बराच हलका होतो. उत्पन्नाचा आणि वास्तव्याचा दाखला आजच काढून ठेवा, कारण प्रवेशाच्या आठवड्यात मामलेदार कार्यालयात रांगा लागतात.

अभ्यासाबद्दल दोन गोष्टी सांगते. प्राथमिक शाळा मराठीतून झालेल्या मुलांना शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी पुस्तक पहिल्या महिन्यात अंगावर येते. ती भीती साहजिक आहे आणि रोज 10 शब्द अर्थासह वहीत उतरवले तर दिवाळीपर्यंत ती ओसरते. दुसरी गोष्ट हिशेबाची. जीवशास्त्र आवडते आणि गणित नको म्हणून पुष्कळ जणी इकडे वळतात. समजा, 500 मिलिलिटर सलाईन 8 तासांत द्यायचे आहे आणि सेटमधून 1 मिलिलिटरला 20 थेंब पडतात. म्हणजे 10,000 थेंब 480 मिनिटांत जायला हवेत, आणि मिनिटाला सुमारे 21 थेंब पडतील अशा बेताने चाकी फिरवायची. हे गणित रात्री तीन वाजता, शेजारच्या खाटेवरचे म्हातारे आजोबा हाक मारत असताना, चूक न करता करावे लागते. त्रैराशिक आतापासून हातात बसवा.

मनाची तयारी कोणत्याही तक्त्यात मांडता येत नाही. पहिल्या वर्षी शिकवतात ते अंथरूण घालणे, अंग पुसणे, तोंड स्वच्छ करणे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने अर्धांगवायू झालेल्या रुग्णाचे तोंड पहिल्यांदा स्वच्छ केले, तेव्हा चिमट्यात धरलेला कापूस थरथरत होता. बाहेर येऊन तो तडक नळाकडे गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. दुसऱ्या दिवशी तो वॉर्डात सगळ्यांच्या आधी हजर होता. घरी त्याची आई म्हणाली होती, ‘किळस आली म्हणून लाज वाटून घेऊ नकोस, पण त्या माणसाला ती दिसू देऊ नकोस.’ अशी आई लाभणे हा शिक्षणाचाच भाग आहे असे मी मानते.

आणि आयांनो, तुमच्याशीही मला बोलायचे आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेली मुलगी झोपली तर ती आळशी नाही. तिने उठून भात लावावा, पाहुण्यांना चहा करावा, ही अपेक्षा चार वर्षे बाजूला ठेवा आणि तिच्या वाटची कामे तिच्या भावांमध्ये वाटून द्या. खोली वेगळी नसेल तर दुपारी टीव्ही बंद ठेवा.

शेवटची गोष्ट लसीची, आणि ती थांबवून चालणार नाही. वॉर्डात रुग्णाला वापरलेली सुई चुकून आपल्याला टोचण्याचा धोका असतो, म्हणून हिपॅटायटिस बीची लस वॉर्डात जाण्यापूर्वी पूर्ण झालेली असावी. तिचे तीन डोस असतात : पहिला, त्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. पहिला डोस जानेवारीत घेतला तर तिसरा जुलैत येतो. लहानपणी ही लस दिलेली असेल तर ते कार्ड ट्रंकेतून शोधून काढा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.