मनबिज, २०१६

(नदी, पहाट)

युफ्रेटिस. मे २०१६ संपत आलाय. अलीकडचा, पूर्वेचा काठ कुर्दांच्या नेतृत्वाखालच्या सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेसकडे, म्हणजे एसडीएफकडे. पलीकडे आयसिस. आणि पलीकडेच, तीसेक किलोमीटरवर, उत्तर सीरियातलं मनबिज. तुर्कस्तानच्या सीमेवरून जराब्लूसमार्गे आलेली माणसं, शस्त्रं, पैसा याच शहरातून आयसिसच्या राजधानीकडे, रक्काकडे जायचा.

कारा कोझाकचा पूल आयसिसने आधीच उडवलेला. दुसरी वाट तिशरीन धरणावरून. ते एसडीएफने डिसेंबर २०१५ मध्येच घेतलं होतं.

(तुकड्या, जवळून चेहरे)

मनबिज आयसिसकडून घेण्याच्या या मोहिमेला सरसकट कुर्दांची म्हणतात. पण हे चेहरे बघा. एसडीएफसोबतच्या स्थानिक लढवय्यांच्या गटाचे, मनबिज मिलिटरी कौन्सिलचे हे लोक. अरब, कुर्द, तुर्कमेन. यातले कित्येक आपल्याच गल्लीत परत निघालेत. आणि या वायपीजेच्या, म्हणजे कुर्दांच्या महिला दलाच्या मुली. पाठीवर वेणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, खांद्यावर कलाश्निकोव्ह. वरून अमेरिकी विमानांची साथ होतीच, पण विमानं गल्लीत उतरत नाहीत. गल्लीत यांनाच शिरावं लागलं.

हा फैसल अबू लैला, यांचा एक कमांडर. आयसिसने वेढलेल्या कोबानी या कुर्द शहरातही लढलेला. मनबिजकडे सरकताना जबर जखमी झाला आणि ५ जूनला गेला. पुढे मोहिमेला त्याचंच नाव दिलं.

(उद्ध्वस्त गल्ल्या)

जूनच्या दहा तारखेपर्यंत शहराला वेढा पडला. शहर हाती यायला मात्र आणखी दोन महिने लागले. हा दरवाजा बघा, चौकटीला वायर आहे. सुरुंग उंबऱ्यात, सुरुंग फ्रिजमध्ये. एकेक घर तपासत जायचं, आणि मध्ये हजारो नागरिक अडकलेले.

(१२ ऑगस्ट. इथे आवाज फक्त रस्त्याचा.)

शेवटचे आयसिसवाले नागरिकांना ढाल करून जराब्लूसकडे निघून गेले.

(कात्रीने दाढी कापणारा माणूस. निकाब पेटवणारी बाई. सिगारेट ओढणारी बाई. निवेदन नाही.)

आयसिसने शहर घेतलं तेव्हापासून, जानेवारी २०१४ पासून, हे सगळं इथे गुन्हा होतं.

(नकाशा)

जुलैत शेजारच्या तोखार गावावर अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानांनी केलेल्या हल्ल्यात डझनावारी नागरिक मेले. २४ ऑगस्टला तुर्कस्तानचे रणगाडे जराब्लूसमध्ये शिरले, आयसिसबरोबरच कुर्दांनाही रोखायला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, सीरियाचे अध्यक्ष असद कोसळले त्याच दिवसांत, तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरच्या गटांनी मनबिज एसडीएफकडून घेतलं.